पार्सलमध्ये भलतंच आलं? कस्टमर केअरचा नंबर शोधायच्या आधी हे वाचा

ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आली आहे की कुणी "अगं, जरा माझा मोबाइल बघतेस का" म्हणालं, की पुढचं सगळं मला आधीच कळतं. इन्स्टाग्रामवर किंवा फेसबुकवर जाहिरात दिसली. वस्तू देखणी, भाव निम्म्याहून कमी, खाली 'कॅश ऑन डिलिव्हरी'. पार्सल आलं, पैसे दिले, पिशवी फोडली आणि आत भलतंच निघालं. मग परत करायचं म्हणून नंबर शोधला. फोन लागला, समोरचा माणूस फार गोड बोलला. अर्ध्या तासात बँकेतून मूळ वस्तूच्या तीस पट रक्कम गेली.

यात दोन वेगवेगळ्या चोऱ्या आहेत. पहिलीत हजार-दीड हजार जातात. दुसरी होते ती हेच हजार-दीड हजार परत मिळवण्याच्या धडपडीत, आणि तिच्यात खातं रिकामं होतं. ऑनलाइन खरेदीबद्दलचे बहुतेक सल्ले पहिल्या चोरीवर थांबतात. मला आधी दुसरीबद्दल सांगायचं आहे, कारण माणसं रडताना मी पाहिली आहेत ती दुसरीनंतर.

पैसे आत्ताच गेले असतील तर

पुढचं नंतर वाचा. आधी १९३० लावा. सायबर फसवणुकीसाठीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. लाइन व्यग्र लागली तर लावत राहा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला दुसऱ्या फोनवरून बँकेला लावायला सांगा. जवळ कागदावर एवढं लिहून ठेवा: कोणत्या बँकेतून गेले, किती गेले, किती वाजता गेले, मेसेजमधला व्यवहार क्रमांक (यूपीआयचा असेल तर बारा आकडी असतो), आणि तुम्ही ज्याच्याशी बोललात त्याचा नंबर.

एवढी घाई कशाला? चोरलेले पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत. एकातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरत जातात आणि शेवटी कुणीतरी एटीएममधून ते काढतं. १९३० वर नोंद झाली की ती संबंधित बँकांकडे जाते, आणि वाटेत ज्या खात्यात रक्कम सापडेल तिथे ती गोठवली जाते. एकदा रोख होऊन बाहेर पडली की गोठवायला काही उरत नाही. नंतर त्याच दिवशी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि पोच क्रमांक जपून ठेवा.

बँकेला कळवण्याचं आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून भलत्याचीच असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. आपणच ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान आपलं. पण कळवल्यानंतर जे जाईल, ते तेव्हाही बँकेचं. "आता काय, माझीच चूक" म्हणत संध्याकाळपर्यंत गप्प बसणारी माणसं इथेच आणखी गमावतात. चूक आपली असली तरी फोन करायचाच. कळवल्याची वेळ दाखवणारा मेसेज किंवा तक्रार क्रमांक मागून घ्या.

फोनमध्ये कुणी एखादं ॲप टाकायला लावलं असेल तर पहिलं काम म्हणजे त्या फोनचा डेटा आणि वायफाय बंद करणं. विमान मोडवर टाकलात की झालं. बँकेला फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा. पिन, पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्याच मोबाइलवरून, कारण बिघडलेल्या फोनवर टाकलेला नवा पिनसुद्धा त्यांना दिसू शकतो. नंतर फोटो आणि कागदपत्रं काढून घेऊन फोन पूर्ण रिसेट करा. नुसतं ॲप काढून भागेल असं धरून चालू नका.

मावशीचे ४४,९९८ रुपये

माझी मावशी नाशिकला राहते. येवला आमच्याच जिल्ह्यात. तिच्याकडच्या दोन्ही पैठण्या येवल्याच्या, विणकराच्या घरी मागापाशी बसून घेतलेल्या. तिला कापड कळतं. तरी गेल्या वर्षी नातीच्या बारशासाठी तिने मोबाइलवर बघून १,४९९ रुपयांची 'हातमाग पैठणी' मागवली. फोटोतला मोरांचा पदर खरोखरच सुरेख होता. नंतर मी तो फोटो गुगल लेन्सवर टाकला, तेव्हा कळलं की येवल्यातल्या एका चांगल्या दुकानाच्या पानावरून तो उचललेला होता.

पिशवीतून निघाली ती पातळ सिंथेटिक साडी, इस्त्री जरा जास्त तापली तर चिकटेल अशी. काठावरचे मोर छापलेले. मावशीने पदर उलटा करून बघितला आणि मटकन खाली बसली. पैशापेक्षा तिला लागलं ते हे, की आपल्याला कापड कळत असून आपण फसलो.

त्याच तिरीमिरीत तिने पिशवीवरचं कुरिअरचं नाव गुगलवर टाकलं आणि पुढे 'कस्टमर केअर नंबर' लिहिलं. सगळ्यात वर एक मोबाइल नंबर आला. तो कुरिअर कंपनीचा नव्हता. उचलणारा आधी हिंदीत बोलला, मग "बोला ना मावशी, मराठीतच बोला" म्हणाला. ऑर्डर क्रमांक विचारला, तो तिने लेबलवरून वाचून दाखवला. रक्कम विचारली, तीही सांगितली. दोन मिनिटं थांबवून तो म्हणाला, "हो, दिसतंय इथे, १,४९९ रुपये, साडी." तिनेच दिलेली माहिती त्याने तिला परत ऐकवली, आणि त्यामुळे तिची खात्री पटली. हा बारकावा लक्षात ठेवा, जवळजवळ प्रत्येक प्रकरणात तो असतो.

मग व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. नाव 'रिफंड फॉर्म', पण नावाच्या शेवटी एपीके. म्हणजे तो फॉर्म नव्हताच, ते ॲप होतं. फोनने इशारा दिला, त्याने तो बाजूला सारायला सांगितलं. ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तिने दिली. शेवटी नोंदणीचा एक रुपया भरायचा म्हणून एक पान उघडलं आणि तिथे तिने बँकेचे तपशील आणि पिन टाकला. चार वाजून पाच मिनिटांनी २४,९९९ गेले, आठव्या मिनिटाला १९,९९९. ओटीपीसाठी तिला काही विचारायची त्यांना गरजच पडली नाही, मेसेज ते ॲपच वाचत होतं.

मला तिचा फोन आला तेव्हा तो माणूस दुसऱ्या लाइनवर तिला सांगत होता, "मॅडम, चुकून कट झाले, परत पाठवतो, फोन ठेवू नका." मी तिला फोन ठेवायला लावला. पाच वाजायच्या आत १९३० वर नोंद झाली. दुसरी रक्कम एका खात्यात सापडली आणि तिथेच गोठली, पहिली पुढे निघून गेली होती. ते १९,९९९ परत हातात यायला साडेचार महिने, पोलीस ठाण्याच्या चार फेऱ्या आणि बँकेचे दोन अर्ज लागले. पण आले.

खोटा नंबर वर येतो कसा

गुगलवर वर दिसतं म्हणजे ते खरं, हा समज आपल्या सगळ्यांचा आहे. नकाशावरच्या नोंदींमध्ये बाहेरचा माणूसही फोन नंबर बदलायची सूचना करू शकतो. पैसे भरून जाहिरात वर आणता येते. 'अमुक कंपनी हेल्पलाइन' नावाची पानं, व्हिडिओ, पीडीएफ बनवून त्यात आपला मोबाइल नंबर पेरून ठेवता येतो. चिडलेला माणूस घाईत असतो, पहिला दिसेल तो नंबर लावतो, आणि तो लावणार हे पेरणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

दुसरी वाट म्हणजे कंपनीच्या फेसबुक किंवा एक्सच्या पानावर जाऊन जाहीर तक्रार लिहिणं. तक्रार जरूर लिहा, पण त्यात स्वतःचा मोबाइल नंबर आणि ऑर्डर क्रमांक देऊ नका. काही मिनिटांत कंपनीचंच चिन्ह लावलेलं खोटं खातं तुम्हाला खासगीत गाठतं.

मग नंबर घ्यायचा कुठून? ज्या ॲपवरून खरेदी केली त्याच ॲपमध्ये जाऊन त्या ऑर्डरवर दाबा. परत करा, तक्रार करा, मदत, जे काही असेल ते तिथेच असतं. बहुतेक मोठ्या ॲपमध्ये तिथूनच 'मला फोन करा' म्हणता येतं. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. बँकेची वेबसाइट बघायची तर पत्त्याच्या शेवटी 'डॉट बँक डॉट इन' आहे का ते बघा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या पत्त्यावर यायला सांगितलं होतं.

आणि काही झालं तरी एवढं पक्कं: पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. यूपीआयचा पिन पैसे जाण्यासाठी असतो, येण्यासाठी नाही. क्यूआर कोडही पैसे देण्यासाठीच स्कॅन करतात, घेण्यासाठी नाही. 'पैसे मागण्याची विनंती' पाठवून लुटायचा प्रकार फार वाढला म्हणून एका व्यक्तीने दुसऱ्याला अशी विनंती पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. क्यूआरची आणि एपीकेची वाट मात्र उघडीच आहे. स्क्रीन शेअर करायला सांगणारी माणसंही त्याच वाटेवरची. खऱ्या कंपनीच्या माणसाला तुमची स्क्रीन बघायचं काही कारण नसतं.

एकदा लुटल्यावर काही दिवसांनी तिसरा फोन येतो. "आम्ही सायबरकडून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला प्रक्रिया शुल्क भरा." मावशीलाही आला. पोलीस तक्रारीवर पैसे परत करायला शुल्क मागत नाहीत.

मूळ वस्तूचे पैसे परत मिळवताना

आता पहिल्या चोरीकडे. इथे घाई नको, पुरावा हवा.

पार्सलची पिशवी फेकू नका. सगळे नेमकं हेच करतात, कारण ती फाटलेली असते आणि तिच्याकडे बघून चीड येते. त्या लेबलवर पाठवणाऱ्याचं नाव, परतीचा पत्ता, कुरिअरचा ट्रॅकिंग क्रमांक आणि घेतलेली रक्कम असते. जाहिरातीतलं दुकान उद्या नाव बदलेल, पण पार्सल ज्याच्या नावाने कुरिअरकडे दिलं गेलं त्याची नोंद तिथे राहते. लेबलचा स्पष्ट फोटो काढा. जाहिरातीचा आणि पानाच्या नावाचा स्क्रीनशॉट लगेच घ्या, तो नंतर मिळणार नाही.

मग कुरिअर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर ट्रॅकिंग क्रमांक टाकून तक्रार नोंदवा. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे दारात दिल्याबरोबर विक्रेत्याला पोचत नाहीत. कुरिअर कंपनी ते गोळा करून काही दिवसांनी त्याच्या खात्यात भरते. त्याआधी तक्रार पोचली तर पैसे अडवले जाण्याची थोडी आशा असते. खात्री नसते, पण प्रयत्न फुकट आहे.

खरेदी मोठ्या ॲपवरून केली असेल तर कायदा तुमच्या बाजूने चांगला भक्कम आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात की तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क ॲपवर दाखवलाच पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत मिळाली पाहिजे आणि महिन्याभरात तिचा निकाल लागला पाहिजे. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत दाखवल्यासारखी नसेल, तर विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. 'नो रिटर्न' असं लिहून ठेवलं म्हणून हा हक्क जात नाही. उत्तर देताना कंपनीचा माणूस "आमची पॉलिसी" म्हणेल, तेव्हा तुम्ही लेखी तक्रारीत या नियमांचं नाव घ्या. मी स्वतः एका मिक्सरच्या बाबतीत हे केलं. तीन आठवडे ढकलाढकल चालली होती, नियमांचं नाव घेतल्यावर चौथ्या दिवशी माणूस मिक्सर न्यायला दारात.

तिथे दाद लागली नाही तर १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. इथे खटला होत नाही, ते कंपनीकडे पाठपुरावा करतात, आणि बऱ्याच प्रकरणांत तेवढं पुरतं. नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. मुदत दोन वर्षांची. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे 'चार्जबॅक'ची, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम परत फिरवण्याची, मागणी लेखी करा. वस्तू आली नाही किंवा वेगळी आली, दोन्हींसाठी ती करता येते. अनोळखी ठिकाणी आगाऊ पैसे द्यायचेच असतील तर मी म्हणूनच क्रेडिट कार्ड पसंत करते.

खोट्या पानावरून घेतलेली साडी मात्र ग्राहक आयोगात नेणं कठीण, कारण प्रतिवादी म्हणून नाव कुणाचं लिहायचं? ती तक्रार सायबर पोर्टलवर करा. १,४९९ साठी कुठे कटकट, असं वाटेल. पण तोच बँक खातेदार, तोच परतीचा पत्ता शंभर तक्रारींत आला की पोलिसांना धागा मिळतो.

मागवण्याआधीची पाच मिनिटं

जाहिरातीत दिसलेल्या दुकानाचं पान उघडा. फेसबुकवर 'पेज ट्रान्स्परन्सी' म्हणून भाग असतो. पान कधी सुरू झालं, आधी त्याचं नाव काय होतं, चालवणारे कुठल्या देशात आहेत, हे तिथे कळतं. मावशीच्या पैठणीवाल्या पानाचं आधीचं नाव कुठल्यातरी क्रिकेट चाहत्यांच्या ग्रुपचं होतं. इन्स्टाग्रामवर नावाशेजारच्या तीन टिंबांतून 'या अकाउंटबद्दल' उघडलं की बऱ्याच खात्यांची सुरू झाल्याची तारीख मिळते. तीन आठवड्यांपूर्वी जन्मलेलं दुकान 'पंचवीस वर्षांची परंपरा' सांगत असेल तर तिथेच थांबा.

पानावर जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये टाका. लॉगिन लागत नाही. क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, गुजरातचे २४. 'आमचं पैठणचं दुकान' म्हणणाऱ्याचा क्रमांक २४ ने सुरू होत असेल तर विचारायला हवं. क्रमांक नसला म्हणून विक्रेता चोर ठरत नाही हेही तितकंच खरं. घरून मसाले, लोकरीचे स्वेटर, दिवाळीचा फराळ विकणाऱ्या कितीतरी प्रामाणिक बायका आहेत, त्यांची उलाढाल लहान असते. त्यांना पारखायची पद्धत वेगळी: व्हिडिओ कॉलवर वस्तू दाखवायला सांगा. खरी बाई आनंदाने दाखवते, घडी उलगडून, मागची बाजू सुद्धा.

पैठणीचं म्हणाल तर भावच सगळं सांगतो. हातमागाच्या पैठणीला आठवडेच्या आठवडे, नक्षी दाट असेल तर महिने लागतात. १,४९९ मध्ये तिचं रेशीमही येणार नाही. विणलेल्या नक्षीचा पदर पुढून आणि मागून जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रमागावरच्या 'सेमी पैठणी'त मागे सुटे धागे दिसतात. सेमी पैठणी घेण्यात गैर काही नाही, छान दिसते, पण ती सेमी म्हणूनच विकली गेली पाहिजे. रेशमाची खात्री हवी तर सिल्क मार्कची खूण मागा. दागिन्यांच्या हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) आणि आयएसआय खुणेचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपवर तपासता येतो. इस्त्री, गीझर असल्या वस्तूंना तरी तेवढं कराच, तिथे प्रश्न पैशांबरोबर जिवाचाही असतो.

वेबसाइटच्या पत्त्यापुढचं कुलूप बघून निर्धास्त होऊ नका. कुलूप एवढंच सांगतं की तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मध्ये कुणी ऐकत नाही. पलीकडे कोण बसलंय ते कुलपाला माहीत नसतं. पत्ता शेवटाकडून वाचा. 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन'च्या ('डॉट बँक डॉट इन' असेल तर त्या सगळ्याच्या) लगेच आधी जो शब्द आहे, तो खरा मालक. ओळखीच्या कंपनीचं नाव त्याच्याही आधी कुठेतरी अडकवलेलं असेल तर ते नुसतं तोरण.

याच घराण्यातले आणखी काही त्रास

न मागवलेलं पार्सल पैसे मागत दारात येतं. घरात म्हातारी माणसं एकटी असतात, त्यांना वाटतं मुलाने मागवलं असेल. पैसे देऊ नका, घेऊ नका, परत पाठवा. आणणाऱ्या मुलावर ओरडू नका, त्याला पिशवीत काय आहे ते ठाऊक नसतं.

'तुमचं पार्सल गोदामात अडकलं आहे, पत्ता दुरुस्त करा' असा टपाल खात्याच्या नावाने मेसेज येतो. टपाल खातं असे मेसेज पाठवत नाही, हे सरकारने जाहीरपणे सांगितलं आहे. दहा आकडी साध्या मोबाइल नंबरवरून टपाल, बँक किंवा कुरिअर कंपनी लिंक पाठवत असेल तर ती उघडायचीच नाही.

डिलिव्हरीचा माणूस म्हणून फोन करणारा *२१* किंवा *४०१* लावून पुढे एखादा नंबर फिरवायला सांगतो. तो फिरवलात की तुमचे सगळे फोन त्याच्याकडे वळतात, फोनवर ऐकवले जाणारे ओटीपीसुद्धा. असं झाल्याची शंका असेल तर ##००२# फिरवा आणि फोनच्या सेटिंगमधलं 'कॉल फॉरवर्डिंग' बंद आहे ना ते डोळ्यांनी बघा.

दारात ओटीपी सांगायची वेळ खरोखरच येते, ते खोटं नाही. म्हणून 'ओटीपी कधीच कुणाला देऊ नका' हा सल्ला लोक पाळू शकत नाहीत, आणि मग सगळेच ओटीपी देऊन टाकतात. मी घरी वेगळं शिकवलं: आकडा वाचायच्या आधी त्याच्या मागचं-पुढचं वाक्य मोठ्याने वाचायचं. पार्सलच्या ओटीपीत पार्सलचं नाव असतं. बँकेच्या ओटीपीत रक्कम असते. वाक्यात रुपये दिसले की आकडा तोंडातून बाहेर नाही. आणि पार्सल हातात पडल्याशिवाय पार्सलचाही नाही.

घरात करून ठेवायच्या दोन गोष्टी

पहिली म्हणजे खरेदीचं वेगळं खातं. पेन्शन, पगार, मुदत ठेव ज्या खात्यात आहे, ते यूपीआयला जोडूच नका. दुसऱ्या खात्यात दोन-चार हजार ठेवा आणि खरेदी तिथूनच करा. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद-चालू करता येतात, मर्यादा घालता येते. रिझर्व्ह बँकेने २०२० पासून ही सोय सक्तीची केली आहे. गरज असेल त्या दिवशी चालू करायचं, काम झालं की बंद.

दुसरी मावशीनेच काढली. तिच्या स्वयंपाकघरात दाराला कॅलेंडर आहे, दुधाचा हिशेब आणि गॅसची तारीख त्यावरच लिहिलेली. आता घरात कुणीही काहीही मागवलं की त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचं: काय, कुठून, किती, पैसे दिले की द्यायचे. सुनेने आधी हसण्यावारी नेलं, आता तीही लिहिते. परवा दुपारी मावशी एकटी असताना ८९९ रुपयांचं पार्सल आलं, नाव मुलाचं, पत्ता बरोबर. तिने पार्सल आणणाऱ्याला थांबायला सांगितलं, आत जाऊन कॅलेंडरवर बोट फिरवत मागचे पंधरा दिवस बघितले. कुठेच नोंद नव्हती. तिने त्याला पाणी दिलं आणि पार्सल तसंच परत पाठवलं.